आधी बोट, मग बाकीचं : नाओशिमा, तेशिमा, इनुजिमा

माझा व्यवसाय आरसीसी डिझाइनचा. दुसऱ्यांनी कल्पिलेल्या इमारती उभ्या राहतील ना, एवढंच मी पुण्यात तीसेक वर्षं बघत आलेय. कुठेही गेलं की लोक इमारतीचा दर्शनी भाग बघतात आणि मी मान वर करून स्लॅबची खालची बाजू. जपानच्या सेतो समुद्रातल्या, कलासंग्रहालयांसाठी ओळखल्या जाणाऱ्या छोट्या बेटांवर मी दोनदा जाऊन आले, एप्रिल 2023 मध्ये आणि नोव्हेंबर 2025 मध्ये. दोन्ही वेळा सोबत माझी भाची. ती तोक्योत निशी-कसाईला राहते आणि मला तिथल्या रेल्वेत मोठ्यानं बोलू देत नाही. परत आल्यापासून ओळखीतल्या सहा-सात जणांनी "कसं जायचं, काय बघायचं" म्हणून फोन केले. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

पहिल्या वेळचं नियोजन माझं होतं. नाओशिमाच्या मुख्य संग्रहालयाचं, म्हणजे चिचूचं, तिकीट मंगळवारचं मिळालं, म्हणून सोमवारी लवकर पोचून बाकीचं बघू असं ठरवलं. बोटीतून उतरलो, धक्क्यावरच्या लाल भोपळ्याच्या शिल्पाच्या पोटात शिरून फोटो काढले आणि मग कळलं की नाओशिमाची जवळजवळ सगळी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. "मावशी, तू साईटवर तारखेसाठी काँट्रॅक्टरला सोलून काढतेस, आणि इथे वार बघितला नाहीस?" भाची म्हणाली. खरं होतं. तेव्हापासून माझा नियम असा: कागदावर आधी वार लिहायचे, मग बोटी, मग तासाची तिकिटं, आणि सगळ्यात शेवटी काय बघायचं ते. कॉलम ठरले नाहीत तोवर बीम काढत नाहीत, तसंच.

वार सांगते. नाओशिमाला सोमवार टाळा. तेशिमा आणि इनुजिमाला मंगळवार टाळा. डिसेंबर ते फेब्रुवारीत तिथली सुट्टी एका दिवसावर भागत नाही, जास्त दिवस बंद असतं. सोमवारी सरकारी सुट्टी असेल तर संग्रहालय त्या दिवशी उघडं ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात, म्हणजे सुट्टीच्या आठवड्यात सगळं गणित एक घर पुढे सरकतं. निघायच्या आधी प्रत्येक ठिकाणच्या अधिकृत पानावर तारीख टाकून बघाच.

ही बेटं जपानच्या होन्शू आणि शिकोकू या मोठ्या बेटांच्या मधल्या समुद्रात आहेत. आपल्या अरबी समुद्रासारखं खवळलेलं पाणी इथे नाही. तळ्यासारखं शांत, आणि जिकडे बघावं तिकडे एकामागे एक फिकट होत जाणारे डोंगर. जायला दोन वाटा. शिन-ओसाकाहून शिंकान्सेननं पाऊण-एक तासात ओकायामा, तिथून लोकलनं उनो बंदर (बहुतेक गाड्यांना चायामाचीला बदलावं लागतं), आणि उनोहून फेरीनं वीस मिनिटांत नाओशिमाचं मियानोउरा बंदर. किंवा शिकोकूच्या बाजूनं ताकामात्सुहून फेरीनं पन्नास मिनिटं. पुणेकरांनी ओकायामाची वाट धरावी, कारण सिंहगड रस्त्यावरचं आपलं पु. ल. देशपांडे उद्यान, ज्याला लोक ओकायामा गार्डन म्हणतात, ते ज्या बागेवरून बेतलं ती कोराकुएन बाग इथेच आहे. मी वर्षानुवर्षं सकाळी ज्या वाटांवरून फिरले त्यांचं मूळ बघताना फार गंमत वाटली. मूळ बाग 1700 साली पूर्ण झाली, मागे ओकायामाचा काळा किल्ला दिसतो, आणि ती एवढी मोठी आहे की आपली बाग तिच्या एका कोपऱ्यात मावेल.

मुक्काम कुठे करायचा? तीन रात्री असतील तर दोन ताकामात्सुला किंवा उनोला काढा, हॉटेलं स्वस्त पडतात. एक रात्र मात्र नाओशिमावरच्या मिन्शुकूत राहा. मिन्शुकू म्हणजे घरगुती खानावळ-कम-मुक्काम: तातामीवर, म्हणजे गवती चटयांच्या जमिनीवर, गादी, सामायिक न्हाणीघर. संध्याकाळची शेवटची बोट गेली की बेटावर जी शांतता पसरते, ती दिवसभराच्या पाहुण्याला मिळत नाही. बेनेस्से हाउस या संग्रहालयातही राहता येतं. 1992 मध्ये उघडलेली ती इमारत अर्धी संग्रहालय, अर्धी हॉटेल. आमच्या खिशाला ते परवडणारं नव्हतं.

नाओशिमाला कला कुठून आली हे माहीत असलं तर फिरताना वेगळं दिसतं. बेटाच्या उत्तर टोकाला 1917 पासून मित्सुबिशीचा तांबं शुद्ध करायचा कारखाना आहे. त्यानं लोकांना पोट दिलं आणि त्याच्या धुरानं आसपासच्या टेकड्या बोडक्या केल्या. 1980 च्या दशकात गावाचे महापौर मियाके आणि ओकायामातल्या प्रकाशन कंपनीचे फुकुताके यांनी दक्षिण भाग वेगळ्या पद्धतीनं जागवायचं ठरवलं. पुढे ती कंपनी बेनेस्से झाली आणि वास्तुकार म्हणून तादाओ आंदो आले: ओसाकाचा माणूस, तरुणपणी मुष्टियोद्धा, वास्तुकला कुठल्याही कॉलेजात न शिकलेला, 1995 चा वास्तुकलेतला प्रित्झकर पुरस्कार मिळवलेला.

चिचू संग्रहालयाचं तिकीट आधीच, ऑनलाइन, ठरलेल्या वेळेचं काढावं लागतं. शनिवार-रविवारचं लवकर संपतं. सकाळची पहिली किंवा दुपारची शेवटून दुसरी वेळ घ्या, कारण आतला उजेड बराचसा आकाशातून येतो आणि दुपारी बारा वाजता तो सपाट असतो. चिचू म्हणजे जमिनीच्या आत. 2004 मध्ये आंदोंनी अख्खी इमारत टेकडीत पुरली, म्हणजे समुद्राकडून बघणाऱ्याला टेकडीच दिसावी. वरून विमानातून पाहिलं तर फक्त चौकोन, त्रिकोण अशी भोकं.

आत शिरताच कलाकृतींकडे धावू नका. आधी भिंतीला हात न लावता जवळून बघा. शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, प्रत्येक पाटीचा ठसा 90 बाय 180 सेंटीमीटर, म्हणजे साधारण तातामीच्या मापाचा, आणि प्रत्येक पाटीवर टाय रॉडची, म्हणजे साच्याच्या दोन बाजू धरून ठेवणाऱ्या सळ्यांची, सहा भोकं. ती भोकं एका ओळीत, पार कोपऱ्यापर्यंत, कुठेही अर्धं भोक नाही. याचा अर्थ खोलीची लांबी-रुंदी-उंची आधी पाट्यांच्या हिशोबानं ठरली आणि मग ओतकाम झालं. आमच्याकडे शटरिंग उघडल्यावर इंजिनिअर यायच्या आत हनीकोंबवर, म्हणजे काँक्रीटमध्ये राहिलेल्या पोकळ्यांवर, सिमेंटचा मुलामा फिरवलेला असतो. इथे प्लास्टर नाही, रंग नाही, लपवायला जागाच नाही. मी त्या त्रिकोणी चौकाच्या कडेनं जाणाऱ्या वाटेवर वीस मिनिटं उभी होते. तिथे कललेल्या भिंतीत डोळ्यांच्या उंचीवर लांबच लांब आडवी फट ठेवलीय. म्हणजे वरची भिंत खालच्या भिंतीवर बसलेलीच दिसत नाही. कसं धरलंय, याचा अंदाज बांधत बसले आणि भाची कंटाळून पुढे गेली.

आत कलाकार तीनच. चित्रकार मोनेच्या जलकमळांच्या पाच चित्रांसाठी चप्पल काढून आत जायचं. फरशी दोन-दोन सेंटीमीटरच्या पांढऱ्या संगमरवरी ठोकळ्यांची, असे सुमारे सात लाख ठोकळे. दिवा एकही नाही. ढग आला की चित्रं विझतात, गेला की पेटतात, म्हणून निदान एक ढग जाईपर्यंत तरी थांबा. वॉल्टर डी मरियाच्या दालनात जिन्याच्या मधोमध 2.2 मीटर व्यासाचा गुळगुळीत ग्रॅनाइटचा गोळा आणि भोवती सोन्याच्या वर्खातले लाकडी खांब. आणि उजेडातूनच कलाकृती घडवणारा जेम्स टरेल, ज्याचं मी काहीच सांगणार नाही. फोटो कुठेच काढता येत नाहीत, हे एका अर्थी बरंच आहे.

चिचूहून उतरणीवर ली उफान संग्रहालय, 2010 चं, तेही आंदोंचं. वेळ कमी असेल तर आतलं पटकन बघा आणि बाहेरच्या गवतावर, समुद्राच्या दिशेला, जास्त बसा. पुढे किनाऱ्यावर यायोई कुसामांचा पिवळा भोपळा. 1994 चा हा भोपळा ऑगस्ट 2021 च्या वादळात समुद्रात वाहून गेला आणि ऑक्टोबर 2022 मध्ये नवा बसवला. त्याच्यासमोर फोटोची रांग लागते. सकाळी आठच्या आत गेलात तर तुम्ही, भोपळा आणि एखादा गळ टाकून बसलेला आजोबा.

बेटावर फिरायला इलेक्ट्रिक सायकल घ्या. साध्या सायकलवर चिचूचा चढ माझ्या गुडघ्यांनी नाकारला असता. बंदरापाशी भाड्यानं मिळतात, गर्दीच्या दिवसांत आधी बुक करा. बेनेस्सेच्या आवारात सायकल नेऊ देत नाहीत; त्सुत्सुजी-सो थांब्यापाशी लावायची आणि तिथून चालायचं किंवा त्यांची फुकट बस पकडायची. गावची छोटी बसही आहे, पण ती भरली की भरली.

होनमुरा

आता त्या फसलेल्या सोमवारबद्दल. काही उघडं नाही म्हणून आम्ही दिवसभर होनमुरा गावात नुसतं भटकलो, आणि आज मला विचाराल तर नाओशिमाची सुरुवात तशीच करावी. गल्ल्या आपल्या कोकणातल्या वाडीतल्या पाणंदीएवढ्या अरुंद. घरांच्या भिंतींना काळ्या फळ्या: सुगी नावाच्या सूचिपर्णी झाडाचं लाकूड मुद्दाम वरवर जाळून काळं करतात, त्याला याकिसुगी म्हणतात. जळका थर खाऱ्या वाऱ्याला आणि किडीला दाद देत नाही. हात लावाल तर बोटं काळी होतील, मी लावला म्हणून सांगते. दारांवर नोरेन, म्हणजे कापडी पडदे, प्रत्येक घराचा वेगळा. एक आजी दारात कांद्याची पात निवडत बसल्या होत्या. आम्ही मान लववली, त्यांनीही लववली, एवढाच संवाद. हे लोकांचं राहतं गाव आहे, सेट नाही. अंगणात वाकून बघू नका, दारातल्या माणसांचे न विचारता फोटो काढू नका.

याच गावात रिकामी पडलेली घरं घेऊन 1998 पासून कलाकारांनी एकेक घर कलाकृती केलंय. सहा-सात घरांचं मिळून एक तिकीट निघतं. कादोया हे पहिलं घर. आत अंधाऱ्या पाण्यात 125 आकडे लुकलुकतात, आणि प्रत्येक आकड्याचा वेग गावातल्या एकेका माणसानं, पाच वर्षांच्या पोरापासून पंचाण्णव वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत, स्वतः ठरवून दिलाय. तात्सुओ मियाजिमांची ही कल्पना. मला हे घर सगळ्यात आवडलं, कारण गावकऱ्यांना त्यांनी प्रेक्षक म्हणून बाजूला बसवलं नाही. मिनामिदेरा पूर्वी देवळाची जागा होती. आता तिथे आंदोंची काळ्या फळ्यांची इमारत आणि आत टरेलचा गडद अंधार. वेळेचं तिकीट लागतं. हाताने भिंत चाचपत आत जा, बाकावर बसा आणि दहा मिनिटं तोंड मिटून वाट बघा. गो-ओ देवळात हिरोशी सुगिमोतोंनी काचेच्या पायऱ्या थेट जमिनीखालच्या दगडी खोलीत उतरवल्यात. खालून बाहेर येताना अरुंद भेगेतून समोर समुद्राची एक उभी पट्टी दिसते, ती पाहायला विसरू नका. बरेच लोक त्या क्षणी फोन खिशात घालत असतात. हाइशा, म्हणजे जुना दातांचा दवाखाना, मला भंगारवाल्याच्या गोदामासारखा वाटला. भाचीला मात्र तोच सगळ्यात आवडला.

त्याच बाजूला टेकडीवर मे 2025 मध्ये आंदोंचं आणखी एक, नाओशिमा नवे कला संग्रहालय उघडलं. आशियातल्या आजच्या कलाकारांचं काम तिथे बघायला मिळतं. संध्याकाळी जायला बंदराजवळ कलाकार शिनरो ओओताकेंचं सार्वजनिक न्हाणीघर आहे, 2009 चं: 'आय लव्ह यू' या नावातला 'यू' म्हणजे जपानीत गरम पाणी. आत स्त्रिया-पुरुषांच्या मधल्या भिंतीवर चक्क हत्ती उभा आहे. आधी बसून साबणानं अंग स्वच्छ धुवायचं, मग कुंडात उतरायचं, कपडे काहीही नाहीत. पहिली पाच मिनिटं मला लाजेनं कुठे बघावं कळेना, नंतर गुडघे एवढे सुटले की विषयच संपला.

खाण्याचं

शाकाहारी माणसानं इथे गाफील राहू नये. या भागातला सानुकी उदोन, म्हणजे गव्हाच्या जाड शेवया, प्रसिद्ध, पण त्याचा रस्सा इरिकोचा, म्हणजे सुकवलेल्या बारीक मासळीचा. वरून मासा दिसत नाही म्हणून 'व्हेज' समजून खाल्लेले लोक मला माहीत आहेत. "रस्सा नको, नुसता उदोन आणि शोयू (सोया सॉस)" असं जपानीत फोनवर लिहून दाखवा. तरी शोयूतही कधी मासळीचा अंश असतोच, ज्यांना चालत नाही त्यांनी आपलं सोबत ठेवावं. आमच्या पिशवीत दशम्या, भडंग आणि लिंबाचं लोणचं होतं. बेटावरची बरीच उपाहारगृहं दुपारी दोन-अडीचला बंद होतात, सोमवारी तर उघडतच नाहीत. खिशात रोख येन ठेवा.

तेशिमा

नाओशिमाहून तेशिमाला जाणारी छोटी जलद बोट दिवसात मोजक्या वेळा सुटते, जागा कमी असतात, सायकल चढवू देत नाहीत. पहिल्या वेळी आम्ही दहा मिनिटं आधी गेलो आणि बोट भरून गेली. मग उनोला परत जाऊन तिथून तेशिमाची फेरी धरली, अर्धा दिवस पाण्यात. निदान पाऊण तास आधी रांगेत उभे राहा. इएउरा बंदरावर उतरून इलेक्ट्रिक सायकल घ्या आणि परतीच्या बोटीची वेळ हातावर पेननं लिहून ठेवा.

चढ ओलांडला की एकदम खाली पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं आणि पलीकडे समुद्र. ओसाड पडलेली ही खाचरं गावकऱ्यांनी आणि संस्थेनं मिळून पुन्हा लागवडीखाली आणली. त्यांच्यामध्ये पाण्याच्या थेंबासारखं पांढरं काहीतरी पडलेलं दिसतं, ते तेशिमा कला संग्रहालय. 2010, वास्तुकार र्युए निशिझावा, कलाकार रेई नाइतो.

माझ्यासारखीला ही इमारत म्हणजे पंढरी. 40 बाय 60 मीटरचं काँक्रीटचं कवच, जाडी 25 सेंटीमीटर, सगळ्यात उंच ठिकाणी साडेचार मीटर, आत एकही खांब नाही. कवच जितकं चपटं तितकं ते कडेला जास्त बाहेर ढकलतं, त्यामुळे एवढं चपटं काढायला छाती लागते. आणि सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट पक्कं होईपर्यंतचा खालचा आधार? मातीचा ढीग रचून, त्याला हवा तो आकार देऊन, त्यावर ओतकाम केलं. काँक्रीट पक्कं झाल्यावर खालची माती उपसून काढली. लाकडी पाट्यांनी केलं असतं तर सांधे दिसले असते. मी हे भाचीला सांगायला लागले तर तिथल्या मुलीनं ओठांवर बोट ठेवलं. आत कुजबुजही घुमते.

बूट काढायचे, आत जायचं आणि जमिनीवर बसायचं. एवढंच करायचं असतं. जमिनीतल्या बारीक छिद्रांतून पाण्याचे थेंब वर येतात, थांबतात, एकमेकांना मिळतात आणि एकाएकी घरंगळत जाऊन डबकं होतात. छताला दोन मोठी भोकं, त्यांना काच नाही. वारा, पाऊस, पानं, कीटक सगळं आत येतं. पहिली दहा मिनिटं "हे काय" असं वाटेल. निदान एक तास ठेवा. पहिल्या वेळी ऊन होतं, दुसऱ्या वेळी रिमझिम. दोन्ही वेळा जणू वेगळ्याच इमारतीत जाऊन आल्यासारखं वाटलं. थंडीच्या महिन्यांत लवकर बंद होतं, तेवढं बघा.

कारातोच्या किनाऱ्यावर ख्रिस्तियन बोल्तान्स्कीचं हृदयाच्या ठोक्यांचं संग्रहालय आहे. जगभरच्या माणसांचे ध्वनिमुद्रित ठोके तिथे ऐकता येतात, पैसे भरून आपलेही ठेवता येतात. मी ठेवले. भाचीनं हेडफोन लावून ऐकले आणि म्हणाली, "मावशी, तू इथेही घाईत आहेस."

तेशिमाचं दुसरं रूपही जाणून घ्या. 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून 1990 पर्यंत या बेटाच्या पश्चिम टोकाला बेकायदा औद्योगिक कचरा टाकला गेला. म्हाताऱ्या गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं भांडून 2000 साली तडजोड मिळवली, आणि नऊ लाख टनांहून अधिक कचरा व दूषित माती 2017 पर्यंत उचलून नाओशिमाला नेऊन तिथे त्यावर प्रक्रिया केली. ती भातखाचरं बघताना हे डोक्यात असलं पाहिजे.

इनुजिमा

बहुतेक लोक इनुजिमा गाळतात. गाळू नका, अर्धा दिवस पुरतो. हे बेट एवढं लहान की तासाभरात चालून होतं. ग्रॅनाइटच्या खाणी इथे जुन्या. ओसाकाच्या किल्ल्याला इथून दगड गेला. 1909 मध्ये तांब्याची भट्टी सुरू झाली आणि भाव कोसळल्यावर दहा वर्षांत बंद पडली. उरल्या त्या विटांच्या चिमण्या आणि तांबं गाळून उरलेल्या धातुमळीपासून केलेल्या काळ्या विटांच्या भिंती. वास्तुकार हिरोशी सांबुइची यांनी 2008 मध्ये त्याच अवशेषांत संग्रहालय बसवलं. आत एअर कंडिशनर नाही. जमिनीखालच्या लांब बोळातून हवा गार होऊन येते, काचेच्या खोलीत उन्हानं तापते, आणि जुनं धुराडं तिला वर ओढून घेतं. ज्या चिमणीनं बेट काळं केलं, तीच आता इमारतीचा पंखा झालीय. आतल्या युकिनोरी यानागींच्या कामातल्या आरशांच्या वाटेत मी दोनदा चुकीच्या दिशेला वळले. गावात वास्तुकार काझुयो सेजिमांनी घरांच्या मधोमध काचेची, ॲक्रिलिकची छोटी दालनं उभी केलीत; जाताजाता बघा.

वेळ उरलाच तर ताकामात्सुहून ओगिजिमा. बंदरावरच्या जौमे प्लेन्सांच्या इमारतीचं छत वेगवेगळ्या लिप्यांतल्या पांढऱ्या अक्षरांचं, आणि दुपारी त्या अक्षरांची सावली जमिनीवर पडते. बाकी चढाच्या गल्ल्या आणि मांजरं.

दर तीन वर्षांनी या सगळ्या बेटांवर मोठा कलामहोत्सव भरतो, 2010 पासून. 2025 चा नोव्हेंबरात संपला आणि आम्ही दोन आठवड्यांनी गेलो. महोत्सवात जास्त बेटं, जास्त कलाकृती उघड्या असतात, पण बोटींच्या रांगा सोसवतील तरच त्या वेळी जा. नुसती सहल करायची तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. जून-जुलैत पाऊस, ऑगस्टात मुंबईला लाजवेल असा घाम.

मोठी बॅग बेटावर आणू नका. ओकायामा स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका, एक सॅक पाठीवर घ्या. आणि परतीच्या फेरीत आतल्या गुबगुबीत खुर्च्यांवर न बसता वरच्या डेकवर उभे राहा, थंडी असली तरी. आम्ही इनुजिमाहून निघालो तेव्हा धक्क्यावरच्या तिकीट तपासणाऱ्या काकांनी दोर सोडला, टोपी काढली आणि बोट वळेपर्यंत हात हलवत राहिले. मी मोबाइल काढायच्या आत बोट वळली होती.